आपला की आमचा

३ ऑगस्ट २०२२, बुधवार. सकाळी सहाला निगडीहून आईचा फोन. अवेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, बाबांचं काही झालं की काय म्हणून. पण आईचा आवाज खुशीत होता. "अगं, तुमच्याकडे आपला माणूस निवडून आला म्हणे! ते बेळगावचे ठाणेदार."

आदल्या दिवशी मिशिगनमध्ये प्रायमरी झाली होती, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायची निवडणूक. श्री ठाणेदार डेट्रॉईटच्या १३व्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ठरले होते. डेट्रॉईटमध्ये ही फेरी जिंकली की नोव्हेंबरची लढत नावापुरतीच उरते. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात हलाखीत वाढलेला, मराठी बोलणारा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जाणार होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भगव्या झेंड्यांचा पाऊस पडला. त्यातला एक झेंडा माझा होता. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मीही आहे.

आमच्या टेस्ट लॅबमध्ये माझ्याबरोबर एक टेक्निशियन काम करायची. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, डेट्रॉईटमध्येच जन्मलेली, काळी. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कुठला बेअरिंग गेलाय ते सांगणारी. तिला विचारूनच हे लिहितेय, नाव मात्र घालत नाही. त्या दिवशी मी आनंदात तिला म्हटलं, "कालच्या निवडणुकीत माझ्या भाषेचा माणूस जिंकला!"

"माहीत आहे," ती म्हणाली. मग हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "१९५५ पासून वॉशिंग्टनमध्ये डेट्रॉईटचा एक तरी काळा खासदार असायचाच. आता नसेल."

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी भाषेबद्दल बोलू लागले. म्हटलं, आमच्याकडे अशा वेळी 'आपला माणूस' म्हणतात. तिने अर्थ विचारला. मी सांगितलं की इंग्रजीत 'अवर' एकच आहे, मराठीत दोन आहेत. 'आमचा' म्हटलं की समोरचा माणूस बाहेर राहतो, 'आपला' म्हटलं की तो आत येतो. पाहुण्याला सांगताना 'आमचं घर', भावाला सांगताना 'आपलं घर'. तिला हे फार आवडलं. दोन्ही शब्द तिने दोनदा म्हणून बघितले, 'ळ' नसल्याने तिला जमलेही. आणि मग विचारलं, "मग हा कुठला?"

तेवढ्यात टेस्ट सायकल संपल्याचा भोंगा वाजला आणि मी मॉनिटरकडे वळले.

'काळी' हा शब्द मी विचार करून वापरला आहे. वर्तमानपत्रं 'कृष्णवर्णीय' लिहितात, पण बोलताना तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. इकडच्या आपल्या घरांमध्ये काळ्या माणसांचा विषय निघाला की आवाज खाली जातो, आणि जो शब्द वापरला जातो तो मी इथे लिहिणार नाही. मुलांना तो बरोबर कळतो. माझ्या मुलीने सात वर्षांची असताना त्याचा अर्थ मला विचारला होता. शाळेत नव्हता ऐकला तिने, एका वाढदिवसाच्या जेवणात ऐकला होता, मराठी माणसांच्या पंगतीत. ते लोक स्वतःला ब्लॅक म्हणवतात, मानाने म्हणवतात, आणि हल्ली इंग्रजीत त्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहायची पद्धत रूढ झाली आहे. देवनागरीत मोठं अक्षर नाही. तो मान मला वाक्यांमधून द्यावा लागेल.

मी २००६च्या जानेवारीत इथे आले. पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठ मराठी सहकाऱ्याने अगदी मायेने मला कागदावर नकाशा काढून दिला होता. डेट्रॉईटच्या परिसरात आडवे रस्ते मैलांच्या नावाने ओळखले जातात: एट माईल, नाईन माईल, टेन माईल, असं वर वर. त्यांनी एट माईलखाली पेनाने जाड रेघ मारली. "याच्या खाली घर बघायचं नाही. शाळा चांगल्या नाहीत, सेफ नाही." मी का म्हणून विचारलं नाही. एट माईल ही डेट्रॉईट शहराची उत्तर हद्द आहे. तिच्या खाली शहर, जिथे दहातले जवळपास आठ जण काळे. वर उपनगरं. पुढे पंधरा वर्षं मी ती पेनाची रेघ पाळली. गंमत नाही सांगत, आमच्या नोव्हाय गावाची दक्षिण हद्दही हाच एट माईल आहे. तोच रस्ता, पश्चिमेला वीसेक मैल पुढे, दोन्ही बाजूंना मेपलची झाडं. आमच्या गावात जवळपास चौथा हिस्सा आशियाई आहे. भारतीय दुकानात हापूसच्या रसाचे डबे मिळतात, दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये फराळ होतो. आणि आपण सगळे म्हणतो, शाळेसाठी इथे राहतो हो.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी माझी ती सहकारीण मला म्हणाली, "चल, माझी भिंत दाखवते." बर्वुड रस्त्याच्या मागे, एट माईलच्या जरा खाली, तिचं आजोळ होतं. अर्ध्या तासाची वाट.

भिंत बघून पहिल्यांदा माझा हिरमोड झाला. सहा फूट उंच, फूटभर जाड, करड्या काँक्रीटची, अर्धा मैल लांब. दहा वर्षांचं पोरही चढून जाईल अशी. मैदानालगतच्या भागावर शाळकरी रंगांची चित्रं आहेत, बाकीची लोकांच्या परसांमधून निमूट निघून जाते. १९४१ मध्ये एका बिल्डरला भिंतीच्या पश्चिमेला गोऱ्या लोकांसाठी घरं बांधायची होती. त्या काळी घरकर्जाला केंद्र सरकारची हमी लागे, आणि हमी देणाऱ्या खात्याचा नियम असा की शेजारी काळी वस्ती असेल तर जागा जोखमीची. हमी नाकारली गेली. बिल्डरने मधे भिंत बांधतो म्हणून सांगितलं. भिंत झाली, हमी मिळाली.

"ही कुणाला अडवायला नव्हतीच," ती म्हणाली. "आम्ही लहानपणी हिच्यावरून चालत शर्यती लावायचो. ही फायलीत लागायची होती, बस."

तिच्या आजीला बँकेने कर्ज दिलं नाही. आजीने हप्त्याहप्त्याने, थेट मालकाला पैसे देत घर घेतलं. अशा करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर आपल्या नावावर होत नाही. एक चुकला तर सगळं गेलं. भिंतीपलीकडच्या माणसाला त्याच आकाराच्या घरासाठी स्वस्तात तीस वर्षांचं कर्ज. तीस वर्षांनी एकाकडे विकायला घर होतं, मुलांच्या कॉलेजला पैसे होते. दुसऱ्याकडे हप्त्यांच्या पावत्या.

मला तिथे उभ्या उभ्या पुण्यातलं आमचं घर शोधणं आठवलं. प्रत्येक मालकाचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" आमचं सांगितलं की चहा यायचा. त्याच महिन्यात त्याच गल्लीत माझी मैत्रीण घर शोधत होती, तिला "दोन दिवसांनी कळवतो" असं उत्तर यायचं, आणि ते दोन दिवस कधीच संपायचे नाहीत. तेव्हा मी तिची समजूत घातली होती, मिळेल गं दुसरं. आडनावाचा प्रश्न मला कधी भिंतीसारखा दिसलाच नव्हता. चहा मिळणाऱ्या बाजूला उभं राहून तो दिसत नाही.

अमेरिकेत आल्यावर लोक विचारतात, इथल्या राजकारणात वंशाचा मुद्दा एवढा का उगाळतात? माझ्यापुरतं उत्तर या रेघांमध्ये आहे. कुठली रेघ कोणी मारली हे बघितलं की मतं कुठे पडतात ते बऱ्यापैकी कळतं. १९५० मध्ये डेट्रॉईटची वस्ती साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये सहा लाख एकोणचाळीस हजार. मधल्या काळात गोरी कुटुंबं लाखोंनी एट माईलच्या वर गेली आणि कर भरणारा पैसाही त्यांच्याबरोबर गेला. १९६७च्या जुलैमध्ये शहर पेटलं, ४३ माणसं मेली. १९७३ मध्ये कोलमन यंग हे पहिले काळे महापौर निवडून आले. १९७४च्या जानेवारीत शपथविधीच्या भाषणात त्यांनी गुन्हेगारांना बजावलं, काळे असा की गोरे, शहर सोडा आणि एट माईलचा रस्ता धरा. शहरातल्या लोकांनी ते गुंडांना दिलेला दम म्हणून ऐकलं. उपनगरांनी ऐकलं की गुंड आपल्याकडे पाठवतोय. त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की डेट्रॉईटच्या शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही. म्हणजे शाळेची हद्द एट माईललाच थांबणार. माझ्या सहकाऱ्याने कागदावर मारलेली जाड रेघ मूळची त्यांची नव्हती. नऊ न्यायाधीशांपैकी पाच जणांनी ती आधीच गिरवून ठेवली होती, आणि माझी मुलगी त्या निकालाच्या चांगल्या बाजूच्या शाळेत जाते.

आई-बाबा इकडे आले की मी त्यांना डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये नेते. तिथे अलाबामातल्या माँटगोमेरी गावची २८५७ क्रमांकाची बस आहे, गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला रोझा पार्क्स जिच्यात उठल्या नाहीत ती. आत जाऊन बसता येतं. बाबा पिंपरीला कारखान्यात युनियनमध्ये होते. ते त्या बसमध्ये टोपी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले, मागे रांग लागली तरी. पुष्कळांना माहीत नसतं की त्या १९५७ मध्ये डेट्रॉईटला राहायला आल्या आणि १९६५ ते १९८८ इथले काळे खासदार जॉन कॉन्यर्स यांच्या कार्यालयात नोकरी करत होत्या. घराचा, नोकरीचा प्रश्न घेऊन आलेल्या लोकांचे अर्ज बघायच्या. कॉन्यर्सनंतर पुढे त्या जागेवर रशीदा तलेब आल्या, पॅलेस्टिनी आईवडिलांची डेट्रॉईटची मुलगी. शेजारच्या मतदारसंघातल्या ब्रेंडा लॉरेन्स २०२२ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. डेट्रॉईटची ती शेवटची काळी खासदार. सुरुवात झाली होती चार्ल्स डिग्ज यांच्यापासून. १९५५च्या जानेवारीत ते काँग्रेसमध्ये गेले आणि त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला बघायला कोर्टात जाऊन बसले. काळ्या खासदाराने तिथे जाणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. 'डेट्रॉईटची जागा' म्हणताना माझ्या सहकारिणीच्या डोळ्यांपुढे ही माणसं असतात. माझ्या डोळ्यांपुढे त्या सकाळी फक्त बेळगाव होतं.

मी ज्या रस्त्याने या देशात आले तोही याच माणसांनी खणलेला आहे. १९६५ पर्यंत इथे यायचं तर देशवार कोटे होते, भारताला वर्षाला जेमतेम शंभर. त्या वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांनी काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांची डोकी फोडली, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच लाटेत, त्याच काँग्रेसमध्ये, देशवार कोटे उठवणारा कायदा झाला. त्याला ज्यांचं नाव आहे त्यांपैकी फिलिप हार्ट हे मिशिगनचे सिनेटर. आपल्यातला एकेक जण आयआयटीचं, सीओईपीचं, स्वतःच्या कष्टाचं नाव घेतो. घ्यावं. सेल्माच्या पुलाचंही घ्यावं.

याच्या आधीचं एक प्रकरण वाचताना मी रात्री दोनपर्यंत जागी होते. १७९० पासून इथलं नागरिकत्व 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'पुरतं होतं, यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. भारतीय कुठेच नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात असलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टात गेले. त्यांच्या वकिलांमध्ये एक नाव दिसलं, सखाराम गणेश पंडित. मी ताठ बसले. नाव ऐकूनच आपला माणूस वाटला, १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात! मग बाजू काय मांडली ते वाचलं. की थिंद हे उच्च जातीचे आर्य आहेत म्हणून गोरे आहेत. आणि पुढे असं, की उच्च जातीचा हिंदू लग्नसंबंधाच्या बाबतीत भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. हा आपल्या गोरेपणाचा पुरावा म्हणून दिला होता. आम्हीही तुमच्यासारखेच खाली बघतो, तेव्हा आम्हाला आत घ्या.

कोर्टाने १९ फेब्रुवारी १९२३ला सगळ्या न्यायाधीशांच्या एकमताने नाही म्हटलं. सर्वसामान्य माणसाच्या समजुतीत हा माणूस गोरा नाही, संपलं. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात झाली. पंडितांवरही खटला आला, त्यांचं त्यांनी वाचवलं. जातीचा दाखला इथे चालला नाही, पण दाखवून बघितला हे कागदावर राहिलं.

त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं ज्यांनी निग्रो गुलामांना सोडवण्यासाठी स्वार्थ सोडला. गंज पेठेत बसून त्यांना डेट्रॉईट नदी कशी दिसली असेल? पळून आलेले गुलाम रात्री याच नदीतून पलीकडे कॅनडात जात, इथल्या सेकंड बॅप्टिस्ट चर्चच्या लोकांनी त्यांना लपवून ठेवलं होतं. मी पुण्याची, शाळेत फुल्यांवर दहा मार्कांचा निबंध लिहिलेली, आणि ते चर्च बघायला मला सोळा वर्षं लागली.

रंगाच्या हिशेबात आपण इथे कुठे बसतो हे आपल्याला ठरवता येत नाही, हेही सांगायला हवं. जनगणनेने १९३० मध्ये आपल्याला 'हिंदू' नावाचा वंश केलं, शीख-मुसलमानांसकट. १९७० मध्ये गोरं केलं. १९८० पासून 'एशियन इंडियन'. १९८२च्या जूनमध्ये इथेच, हायलंड पार्कमध्ये, व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारून टाकलं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जात होत्या आणि साक्षीप्रमाणे राग त्यावरूनच होता. तो जपानी नव्हता, त्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं. मारणाऱ्यांना न्यायाधीशाने तीन वर्षांचं प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड दिला. एक दिवसाचाही तुरुंग नाही. त्याच्या आईच्या बाजूने उभे राहिलेल्यांत काळे नेते होते, जेसी जॅक्सन होते. मी गाड्यांच्या धंद्यात आहे. नोकरकपातीची बातमी आली की मला हे नाव आठवतं.

माझी सहकारीण २०२० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेट्रॉईटची मतं मोजायला बसली होती. डाउनटाउनच्या त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये, ज्याला वर्षानुवर्षं अल्बर्ट कोबो या महापौराचं नाव होतं. काळ्यांची घरं गोऱ्या वस्तीत होऊ न देणारा महापौर. नाव अवघं २०१९ मध्ये बदललं. ४ नोव्हेंबरला दुपारी बाहेर ट्रंप समर्थकांचा जमाव जमला, काचा बडवत ओरडू लागला, मोजणी थांबवा. आतल्यांनी काचांना पुठ्ठे लावले. मोजणारे बहुतेक काळे, बाहेरचे बहुतेक गोरे. "मी मत घेत राहिले, उघडत राहिले, सरळ करत राहिले," ती सांगते. "माझ्या आईला तरुणपणी अलाबामात मत देता येत नव्हतं. मी काय थांबणार होते?" दोन आठवड्यांनी, डेट्रॉईट ज्या जिल्ह्यात येतं त्या वेन काउंटीच्या चार सदस्यांच्या मंडळात निकालावर दोन-दोन अशी मतं पडली. विरोधातल्या एका सदस्याने सांगितलं की डेट्रॉईट सोडून बाकी गावांचा निकाल मान्य करायला तयार आहे. शेजारच्या, बहुतांश गोऱ्या लिव्होनियाच्या आकड्यांतही तसलेच किरकोळ फरक होते. लोकांनी ऑनलाइन सभेत तासन्‌तास सुनावलं, तेव्हा त्याच रात्री निर्णय फिरला. मी ती सभा घरी सोफ्यावर बसून ऐकत होते. एवढी उघड रेघ मी पहिल्यांदाच मारताना पाहिली, तिथल्या तिथे, माझ्या काउंटीच्या शेजारी. २०२२ पासून मी स्वतः नोव्हायमध्ये निवडणूक कर्मचारी म्हणून काम करते ते त्या रात्रीमुळे.

मग ठाणेदारांवर ती रागावली होती का? मी एकदा तिला तोंडावर विचारलं, की तुम्ही रंग बघून मत देता का. तिने मला शांतपणे सांगितलं की ७८ टक्के काळ्या शहराने माइक डगन या गोऱ्या महापौराला तीनदा निवडून दिलं, पहिल्या वेळी तर प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव हाताने लिहून. तिनेही लिहिलं होतं. तिची तक्रार नकाशाबद्दल होती. त्यासाठी नेमलेल्या आयोगाने २०२१च्या अखेरीस नवे मतदारसंघ आखले, शहराच्या भागांना एट माईलपलीकडच्या उपनगरांशी जोडत, आणि काँग्रेसच्या एकाही जागेत काळे मतदार निम्म्याहून अधिक उरले नाहीत. ज्या रेघेने सत्तर वर्षं काळ्यांना आत कोंडलं, ती पुसताना नेमका त्यांच्याच मताचा जोर पुसला गेला. विधिमंडळाच्या अशाच १३ जागांचा नकाशा फेडरल कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केला. काँग्रेसच्या जागा त्यात नव्हत्या. तक्रार पैशाबद्दलही होती. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले. नऊ उमेदवार होते, बहुतेक काळे. काही काळ्या नेत्यांनी एकच नाव पुढे करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि सुमारे २८ टक्क्यांवर जागा गेली. मला हे लिहिलंच पाहिजे की ठाणेदारांनी काही वावगं केलं नाही. ते दारोदार फिरले, काळ्या मतदारांनीही त्यांना मतं दिली, त्याआधी ते डेट्रॉईटमधूनच राज्याच्या सभागृहात निवडून आले होते. पण गव्हर्नरपदाची प्रायमरी २०१८ मध्ये हरल्यानंतर ते शहरात राहायला आले हेही खरं. निगडीत कोणी असा येऊन उभा राहिला असता तर आमच्या बाबांनी पहिलं काय विचारलं असतं, ते मला माहीत आहे.

आणि २०२२च्या त्याच नोव्हेंबरमध्ये एट माईलच्या वरच्या मॅकोम्ब काउंटीतून जॉन जेम्स निवडून आले. काळे, रिपब्लिकन. १९७२च्या प्रायमरीत वर्णभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस या राज्यात जिंकला होता आणि मॅकोम्बने त्याला भरभरून मतं दिली होती. त्याच काउंटीचा खासदार काळा, आणि डेट्रॉईटचा मराठी. म्हणून कोणी मला म्हणालं की इथे रंगाला आता महत्त्व उरलं नाही, किंवा कोणी म्हणालं की सगळं रंगावरच ठरतं, तर मी दोघांनाही हा नकाशा दाखवते.

२०२४ मध्ये कमला हॅरिस उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या ग्रुपवर पुन्हा 'आपली' सुरू झालं. आठवड्याभरात तिथेच दुसरा सूर लागला, की ती स्वतःला काळी म्हणवते, मग आपली कशी. ३१ जुलैला शिकागोत काळ्या पत्रकारांपुढे ट्रंप अगदी तेच बोलले, ती अचानक काळी झाली म्हणून. ग्रुपमधली वाक्यं आणि ती वाक्यं शेजारी ठेवून बघितली आणि मी ग्रुप सोडला. तिची आई श्यामला गोपालन, चेन्नईची. तिने मुलींना काळ्या मुली म्हणूनच वाढवलं, कारण हा देश त्यांना तसंच बघणार हे तिला कळलं होतं. त्या बाईने आपल्यासारखा पन्नास वर्षांचा वेळ नाही घेतला.

माझी सहकारीण त्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी लॅबमध्ये केक कापला, तिने टूलबॉक्समधली पाना-पकडीची सगळी पेटी एका नव्या पोरीला देऊन टाकली. पार्किंगमध्ये बर्फ पडत होतं. तिच्या गाडीची काच खरवडून देताना मी म्हटलं, "तू मला एक प्रश्न विचारला होतास. दोन वर्षांपूर्वी. भोंगा वाजला होता."

तिला आठवत होतं. दोन्ही शब्दही आठवत होते.

"आमचा," मी म्हटलं. "अजून तरी आमचाच."

तिने मान हलवली, इंजिन सुरू केलं, दोन सेकंद त्याचा आवाज ऐकला. "ऑगस्ट २०२६ला परत प्रायमरी आहे," ती म्हणाली. "त्या रात्री मला फोन कर. आणि पुढच्या शनिवारी आईकडे जेवायला ये, मुलीला घेऊन ये."